तीन तऱ्हेचे प्रकल्प, गुणपत्रक एकच. परीक्षकानं करायचं काय?

ओतकामवाला (धागाकर्ता)

मंडळी, जरा अडलोय. मी कोल्हापुरात एका फौंड्रीत क्वालिटी बघतो. इथल्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पांची स्पर्धा आहे आणि ‘इंडस्ट्रीतला माणूस पाहिजे’ म्हणून मला परीक्षक करून ठेवलंय. मला वाटलं आमच्याच लायनीचं काहीतरी देतील. हातात पडले तीन प्रकल्प, तिघांची तोंडं तीन दिशांना.

पहिला, फौंड्रीतली जळकी वाळू पेव्हर ब्लॉकमध्ये किती खपवता येईल यावर. हा घरचाच विषय. शिरोली काय, गोकुळ शिरगाव काय, इथल्या औद्योगिक वसाहतींत वापरून झालेली वाळू टाकायची कुठं ही सगळ्यांचीच डोकेदुखी आहे. पोरांनी वेगवेगळ्या प्रमाणात वाळू घालून ब्लॉक पाडलेत, ७ आणि २८ दिवसांनी प्रेसखाली फोडलेत, आकडे व्यवस्थित तक्त्यात आहेत. वाचून बरं वाटलं.

दुसरा ऊसतोड मजुरांच्या उचलीवर, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांवर. मराठवाड्यातून आलेल्या टोळ्यांच्या मुलाखती. पानंच्या पानं बोलणं उतरवलंय, आलेख औषधालासुद्धा नाही.

तिसरा एका मुलीचा. पेशवाईतल्या एका पाटीलकीच्या वादाचे मोडी कागद वाचून लिप्यंतर केलंय आणि त्यावर टिपण लिहिलंय.

गुणपत्रक तिघांना एकच: नावीन्य, पद्धत, निष्कर्ष, उपयुक्तता. प्रत्येकी २५. आता मोडीवाल्या पोरीला उपयुक्ततेत काय देऊ?

आणि खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. आमच्याकडे कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे गॅसमुळे पडणारी पोकळी, आलं की कारणं ठरलेली असतात. वाळूत ओल जास्त, नाहीतर गॅस निघायला वाट नाही, नाहीतर कोअर (आतली पोकळी ठेवायला साच्यात बसवायचा वाळूचा ठोकळा) कच्चा. ओल कमी करायची, परत ओतायचं. होल गेलं तर आपलं म्हणणं खरं, नाही गेलं तर पुढचं कारण बघायचं. पाटीलकीच्या कागदात होल कुठं दिसतं? मजूर बोलला आणि पोरानं लिहून घेतलं, यात चुकायला जागा कुठली? कुणाला कमी लेखायचं म्हणून विचारत नाही, खरंच कळत नाही म्हणून विचारतोय.

लोट्याचा_रसायनवाला

काका, सगळ्यांना १८-१८ द्या, चहा-पोहे खा आणि शाल-श्रीफळ घेऊन घरी या. आजवरचे सगळे परीक्षक हेच करत आलेत. :)

रुमालवाली

वरच्या प्रतिसादाला फाट्यावर मारून सांगते. होल दिसतं, तेही चांगलं ढळढळीत.

मी मोडी वाचते. दफ्तरखान्यातले रुमाल, म्हणजे कागदांची कापडी गाठोडी, सोडून कागद लावणं हेच माझं रोजचं काम आहे. त्या मुलीच्या कागदांवर ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असं काहीतरी लिहिलेलं असेल. हा अरबी संख्याशब्दांत मांडलेला शुहूर सन, त्या काळच्या दफ्तरातली एक कालगणना. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७१. मृगाला सुरू होणारं वर्ष. यात ५९९-६०० मिळवले की इसवी सन येतो १७७०-७१. पण दख्खनेत फसली सनही चालायचा, तोही मृगालाच सुरू होणारा आणि त्यात मिळवायचे ५९०-९१. म्हणजे कुणी ११७१ फसली समजून हिशेब केला तर कागद सरळ १७६१-६२ चा होतो. नऊ वर्षं मागे. पानिपताची बातमी अजून ताजी, माधवराव नुकते गादीवर आलेले, घरात काकांशी ओढाताण. आणि खऱ्या तारखेला तेच माधवराव आजारानं खंगलेले, १७७२ च्या नोव्हेंबरात गेलेच. पाटीलकीचा निवाडा कुणी दिला, त्या निवाड्याला वजन किती होतं, सगळं या नऊ वर्षांवर फिरतं. टिपण कितीही सुरेख लिहिलेलं असो.

हे पकडायचं कसं? कागदावर बहुधा चांद्र तारीखही असते, ‘छ’ घालून. छ अमुक सफर, छ अमुक रमजान. कुठे वार असतो, कुठे तिथी. हे सगळं जंत्रीत, म्हणजे वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून दिलेल्या तक्त्यांत, घालून बघायचं. सन बरोबर लावला असेल तर वार जुळतो, चुकला असेल तर बहुतेक वेळा नाही जुळत. ही तुमची परत ओतून बघायची रीतच झाली की! आणि योगायोग बघा, १७२८ ते १८८९ ची जी जंत्री आम्ही सर्रास उघडतो ती बाळाजी प्रभाकर मोडकांची. ते तुमच्याच राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवायचे.

तेव्हा त्या मुलीला एकच विचारा: तारखा कशा लावल्यास, ते दाखव. जंत्री काढून वार जुळवून दाखवला तर पद्धतीचे गुण मोकळ्या हातानं द्या. ‘सरांनी सांगितलं’ म्हणाली तर आखडते घ्या.

याहून मोठं उदाहरण हवं तर भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती घ्या. काम १९१९ ला सुरू झालं, मूळ संहिता पुरी व्हायला १९६६ उजाडलं. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या हस्तलिखितांतला एकेक श्लोक अक्षराखाली अक्षर मांडून ताडून पाहिलाय. १९३३ ला विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्व पुरं केलं तेव्हा लोकांच्या आवडीचे कितीतरी भाग मूळ संहितेतून काढून परिशिष्टात टाकले होते. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, ती गोष्टसुद्धा त्यात गेली. लोक चिडले असतील तर नवल नाही. पुढे नेपाळातलं एक फार जुनं हस्तलिखित हाती आलं. आवृत्ती करताना ते सुकथनकरांच्या समोर नव्हतं. ताडून पाहिलं तर परिशिष्टात टाकलेले बरेच भाग त्यात नव्हतेच, आणि काही ठिकाणी त्यांनी केवळ तर्कानं सुधारलेले पाठ त्यात जसेच्या तसे निघाले. प्रयोगशाळेतल्या माणसाला यापुढे आणखी काय पाहिजे, सांगा.

उपयुक्ततेबद्दल: २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हा मोडी वाचणारी माणसं दिवा घेऊन शोधायची वेळ आली होती. एरवी आम्हाला कोण विचारतं. पण या कारणासाठी तिला गुण देऊ नका. आम्ही मोडी शिकलो तेव्हा असली काही मागणी येईल हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या रकान्यात ‘या विषयावर पुढे काम करणाऱ्याला हे लिप्यंतर डोळे झाकून वापरता येईल का’ एवढं बघा आणि आकडा टाका.

खोपीतला_कंदील

रुमालवालीताईंना +१. ऊसतोडीबद्दल मी सांगतो, मी त्याच विषयावर काम करतोय.

काका, ‘मजूर बोलला, पोरानं लिहिलं’ इतकं सोपं असतं तर काय पाहिजे होतं. पहिला प्रश्न हा विचारा की मुलाखत कुठं घेतली आणि तेव्हा शेजारी कोण उभं होतं. फडात, मुकादमाच्या देखत विचारलं ‘उचल फिटते का?’ तर उत्तर येतं ‘फिटते की’. तोच माणूस रात्री खोपीवर, चुलीपाशी सांगतो, ‘कशाची फिटतीय, बाकी राहतीच.’ दोन्ही उत्तरं वहीत आहेत का? एकच असेल तर ते कुठलं?

दुसरं, हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल घेतली नवऱ्यानं, मुकादमाच्या वहीत नाव त्याचं. पोरानं वहीवरच्या नावांनाच प्रश्न विचारले असतील तर निम्मे मजूर संशोधनातून गायब झाले आणि त्याला पत्ताही लागला नाही. बाईला वेगळं गाठून विचारलंय का, हे जरूर बघा.

तिसरं म्हणजे वेळ. हंगाम सुरू असताना मजूर उचलीचा अंदाज सांगतो. टनावारी हिशेब होऊन खरी बाकी कळते ती पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, टोळी गावी जाताना. पोरगं तेव्हा परत गेलं होतं का?

आलेख नसल्याचं मनावर घेऊ नका. मोजायच्या कामात मोजावं. इरावती कर्वे आणि जाई निंबकरांनी कोयना धरणात उठलेल्या लोकांची पाहणी केली, ती डेक्कन कॉलेजनं १९६९ ला छापली. त्यात कुटुंबांची मोजणीही आहे आणि माणसं काय म्हणाली तेही आहे.

लोट्याचा_रसायनवाला

आता पोहे बाजूला ठेवून बोलतो. काका, पेव्हरवाल्यांना तुम्ही घरचे म्हणून सोडताय, ते बरं नाही.

वाळू कुठली घेतली? मोल्डची की कोअरची? मोल्डच्या ओलसर वाळूत (ग्रीन सँड) बेंटोनाइट ही चिकणमाती आणि कोळशाची भुकटी. बेंटोनाइट पाणी धरून ठेवतं, मग काँक्रीटला पाणी जास्त लागतं आणि ताकद उतरते. ते २८ दिवसांच्या आकड्यात दिसेल. पण शेल कोअरच्या वाळूत फिनॉलिक रेझिन असतं आणि ढिगावर दोन्ही एकत्रच पडतात. ते आकड्यात नाही दिसणार. ब्लॉक प्रेसखाली झकास टिकेल आणि पावसाळ्यात त्यातून काय झिरपेल ते वेगळंच. ब्लॉकचा चुरा पाण्यात ठेवून त्या पाण्यात फिनॉल आणि जड धातू तपासलेत का? की एकाच फौंड्रीतून एकाच दिवशी पोतं उचलून आणलं आणि ‘फौंड्रीची वाळू’ असं शीर्षक दिलं?

ओतकामवाला (धागाकर्ता)

रसायनवाले, वर्मावर बोट ठेवलंत. आत्ताच अहवाल उघडून बघितला. वाळू ‘स्थानिक फौंड्रीतून’ एवढंच लिहिलंय. पाण्याची तपासणी नाही. हे आता विचारणार.

मोडीच्या प्रकल्पात मूळ कागदांचे फोटो मागे जोडलेत. टिपणात मात्र सगळीकडे थेट इसवी सन टाकलाय, मूळ सन कुठंच नाही. ताई, फोटोत मला नुसत्या आडव्या रेघेला लोंबणारी गिचमिड दिसते, पण ती ‘छ’ची ओळ कागदावर साधारण कुठं शोधायची ते सांगाल का? पोरीसमोर निदान बोट तरी बरोबर जागी ठेवता येईल.

रुमालवाली

निवाडा किंवा पत्र असेल तर बहुधा शेवटाकडे बघा. मायना संपून मजकूर आवरला की छ, आकडा आणि महिन्याचं नाव येतं. सन कधी वर आरंभी असतो, कधी तिथेच. पण बोट तुम्ही ठेवू नका, तिलाच ठेवायला सांगा.