शब्दचर्चा: निसर्ग. आपण त्याच्या आत की बाहेर?

विचारणा

मुलांसाठीच्या एका पुस्तिकेचं संपादन करते आहे. त्यात 'चला, निसर्गात जाऊ या' असं वाक्य आहे. सहसंपादकांनी त्याखाली रेघ मारून समासात लिहिलं, "मग आत्ता कुठे आहोत?" आक्षेप पटतो, पण पर्याय सुचत नाही. 'सृष्टी' जरा जुनं वाटतं आणि ती कुणीतरी निर्माण केलेली, असंही त्यात गृहीत आहे. 'पर्यावरण' म्हटलं की शाळेचा विषय डोळ्यांपुढे येतो. 'प्रकृती' लिहिलं तर मराठी वाचक तब्येतच समजणार. 'निसर्ग' या शब्दात माणूस धरलेला आहे की नाही?

प्रतिसाद १

मुळात तो शब्द बाहेरच्या जगाचा नव्हताच. धातू 'सृज्', म्हणजे सोडणे, बाहेर टाकणे, निर्माण करणे. सर्ग, विसर्ग, उत्सर्ग, संसर्ग, विसर्जन आणि तुम्हाला जुनी वाटणारी सृष्टी, ही सगळी एकाच धातूची मुलं. संस्कृतात 'निसर्ग' म्हणजे प्रामुख्याने उपजत स्वभाव. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात लक्ष्मी आणि सरस्वती यांच्याबद्दल 'निसर्गभिन्नास्पद' असं विशेषण येतं, म्हणजे जिची राहण्याची जागा स्वभावतःच वेगळी अशी जोडी. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात सम्यग्दर्शन, म्हणजे खरी दृष्टी, दोन वाटांनी येतं असं सांगितलंय, 'निसर्गात्' किंवा 'अधिगमात्'. आपसूक उमगतं, नाहीतर शिकून समजतं. दोन्हीकडे डोंगर-नद्यांचा संबंध नाही.

मराठीत हा जुना अर्थ विशेषणाने जपला आहे. नैसर्गिक अभिनय, नैसर्गिक प्रसूती, नैसर्गिक न्याय, नैसर्गिक संख्या. यातल्या एकातही झाड नाही! विशेषण घरातच राहिलं आणि नाम तेवढं रानात गेलं. त्यामुळे सहसंपादकांचा प्रश्न रास्त आहे. 'निसर्गात जाऊ या' हे वाक्य फक्त नामाच्या नव्या अर्थावर उभं आहे.

प्रतिसाद २

'प्रकृती'बद्दल थोडं, कारण तिचा प्रवास मला फार विलक्षण वाटतो. सांख्यदर्शनात पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, सोडला तर बाकी सगळा पसारा प्रकृतीचा. गीतेच्या सातव्या अध्यायात अष्टधा प्रकृती सांगितली आहे: भूमी, आप, अनल, वायू, आकाश आणि त्यांच्याच पंक्तीत मन, बुद्धी, अहंकार. म्हणजे वारा आणि मन एकाच यादीत. हिंदीने हा शब्द निसर्गासाठी ठेवला, आपण मात्र 'प्रकृती कशी आहे?' असं विचारू लागलो.

आता 'तब्येत' बघा. हा शब्द अरबी 'तबीआ'च्या कुळातला, आणि 'तबीआ' अरबीत आजही निसर्ग या अर्थाने चालतो. एक शब्द संस्कृतातून आला, दुसरा अरबीतून फारसीमार्गे, आणि मराठीत दोघेही माणसाच्या हालहवालावर येऊन टेकले. आजाऱ्याच्या उशाशी बसून आपण दोन भाषांतल्या निसर्गाची विचारपूस करत असतो. माणूस निसर्गात धरलाय का, याचं उत्तर आपल्या रोजच्या बोलण्यात केव्हाचं पडून आहे.

प्रतिसाद ३

वरचं सगळं मान्य, पण एक अडचण आहे. सगळंच निसर्ग म्हटलं तर शब्दाला काम उरत नाही. प्लास्टिकची पिशवीही भौतिकीच्या नियमांबाहेर जात नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांचा याच विषयावरचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८७४ मध्ये छापला गेला. त्यात त्यांनी हे दोन अर्थ वेगळे काढले: एक, जे जे आहे ते सगळं, दुसरा, माणसाच्या हस्तक्षेपावाचून जे घडतं तेवढंच. आपले बहुतेक वाद हे दोन अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

मला ॲरिस्टॉटलने दिलेला दाखला सगळ्यांत उपयोगी वाटतो. लाकडी पलंग जमिनीत पुरला आणि कुजताना त्याला कोंब फुटला, तर काय उगवेल? लाकूड. पलंग नाही. वाढण्याचं, बदलण्याचं कारण ज्याच्या स्वतःच्या आत असतं, तो निसर्ग. लाकडात ते आहे, पलंगाच्या आकारात नाही. निसर्गासाठीचे इतर भाषांतले शब्दही असेच: ग्रीक 'फ्यूसिस' वाढण्यावरून आला, लॅटिन 'नातूरा' जन्मण्यावरून, आणि चिनी 'झिरान'चा अर्थ जवळजवळ आपल्या 'आपसूक'सारखा.

हा निकष धरला तर सीमारेषा माणूस आणि जंगल यांच्यामध्ये पडत नाही, ती माणसाच्या आतूनच जाते. बोट कापल्यावर जखम आपसूक भरून येते, तो निसर्ग. तिच्यावर बांधलेली पट्टी ही आपली करणी.

विचारणा करणारीकडून

'आपसूक' हा शब्द मनात घोळतोय. माझ्या खिडकीसमोरच्या भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप आलंय. वीतभर उंच. वरची दोन पानं तांबूस, इतकी पातळ की उन्हात शिरा मोजाव्यात. खालची हिरवी झालीत, आणि शेपटीसारखी टोकं आत्ताच लांबायला लागलीत. भिंत माणसाने बांधली, पण बी बहुधा एखाद्या पक्ष्याच्या विष्ठेतून आलं. ते बी धरावं म्हणून त्याआधी गांधीलमाशीच्या कुळातला एक चिमुकला कीटक पिंपळाच्या फळात शिरलेला असणार, कारण पिंपळाचं परागण त्याच्यावाचून होत नाही. रोप कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही. आमच्या पुस्तिकेत मात्र याला जागा नाही. तिथे निसर्ग म्हणजे धबधबा आणि डोंगरमाथा.

आणखी एक. पुढच्याच पानावर 'निसर्गाशी तुटलेली नाळ पुन्हा जोडा' असंही आहे. ते ठेवू का?

प्रतिसाद ४

नका ठेवू. नाळ एकदा कापली की जोडता येत नाही आणि जोडायचीही नसते, मूल स्वतःचा श्वास घेऊ लागलं की तिचं काम संपलेलं असतं. 'जोडणे' या क्रियापदातच दोन सुट्या वस्तू आधी मानून घेतलेल्या असतात. मी 'ओळख' सुचवेन. ओळख कधी 'निसर्ग' नावाच्या गोष्टीशी होत नाही, ती या झाडाशी, त्या पाखराशी होते. 'फांदीवर एक पक्षी बसला होता' आणि 'फांदीवर दयाळ बसला होता' या दोन वाक्यांत पाहणारा वेगळा आहे.

नावं गेली की ओळख जाते. मुलांसाठीच्या ऑक्सफर्ड ज्युनिअर डिक्शनरीच्या २००७ च्या आवृत्तीतून ओकचं फळ, डँडेलियन अशा रानावनातल्या कितीतरी गोष्टींचे शब्द वगळले गेले आणि ब्रॉडबँडसारखे शब्द आत आले. त्यावर लेखकांनी जाहीर निषेध केला. तो मला योग्यच वाटतो. मुलाला जे नाव माहीत नाही, ते त्याला दिसतही नाही.

उलट टोकाचं उदाहरण न्यूझीलंडचं. तिथल्या व्हांगानुई नदीला २०१७ मध्ये कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला. त्या नदीकाठच्या माओरी लोकांत एक म्हण आहे: मी नदी आहे, नदी म्हणजे मी. तिथे 'नदीशी नातं जोडा' हे वाक्य ऐकूनच माणसं बुचकळ्यात पडतील.

प्रतिसाद ५

नुसतं पाहण्यानेही काही घडतं, हे नोंदवतो. १९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. रुग्ण थोडेच होते, एकूण ४६, त्यामुळे त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण हे रुग्ण कुठे 'गेले' नव्हते. ते अंथरुणावरच होते.

विचारणा करणारीकडून

सगळ्यांचे आभार. वाक्य आता नुसतं 'चला, बाहेर जाऊ या' असं केलंय. बाहेर म्हणजे घराबाहेर, निसर्गाबद्दल त्यात काहीच दावा नाही. नाळेचं वाक्य काढलं. त्या जागी मुलांना एक काम दिलंय: आपल्या आसपास कुणीही न लावता आपसूक उगवलेली तीन रोपं शोधा, त्यांची नावं मोठ्यांना विचारा, कुणालाच माहीत नसेल तर पानाचं चित्र काढून ठेवा. 'निसर्गरम्य' हा शब्द मात्र अजून दोन ठिकाणी आहे. त्याचं काय करू?

प्रतिसाद ३ लिहिणाऱ्याकडून

एका जागचा काढा. तिथे पाणी असेल तर पाणी लिहा, गवत असेल तर गवताचा रंग लिहा. दुसरा कुठे आहे ते वाक्य पूर्ण द्या, मग सांगतो.