मे ते जुलै बेल्जियममध्ये केर्मेस शर्यती: नागपुरात तयारी कशी करावी?

फुटाळा_लूप
नमस्कार मंडळी. येत्या मे ते जुलै फ्लँडर्समध्ये (बेल्जियमचा उत्तर भाग) राहून पूर्णवेळ शर्यती अन् सराव करायचा विचार आहे. सध्या आठवड्याला १० तास सायकल, वजन ६६ किलो, एफटीपी (तासभर टिकवता येणारी ताकद) २७० वॅट. २०० ते ६०० किमीच्या सगळ्या बीआरएम (ठरल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) झाल्या आहेत. एवढ्यावर केर्मेसमध्ये, म्हणजे तिथल्या गावोगावच्या फेऱ्यांच्या शर्यतीत, टिकता येईल का? आपल्या सपाट नागपुरात नेमका कसला सराव करू? अन् इथूनच काय काय नेलं पाहिजे?

तिरपा_वारा
भाऊ, बीआरएमचे पाय तिथे पहिल्या अर्ध्या तासात उघडे पडतात. नागपुरात सायकल म्हटलं की इथलेच डॉ. अमित समर्थ अन् रॅम (अमेरिका आडवी पार करायची शर्यत) आठवते, त्यामुळे इथला सराव बहुतेक लांब अन् एका लयीतला. केर्मेस उलटी असते. गावाभोवती ६ ते ९ किमीचा फेरा, एकूण साधारण ११० ते १२० किमी. एका फेऱ्यात १० वळणं धरली तरी १४ फेऱ्यांत १४० वेळा ब्रेक अन् १४० वेळा उभं राहून पुन्हा वेग धरायचा.

तिथे गटातली जागा वॅटपेक्षा महाग. पुढच्या पंधरात असाल तर वळणातून ३५ च्या वेगाने निघाल. साठाव्या जागी असाल तर पुढचे सगळे ब्रेक दाबत आल्यामुळे तुम्ही २० वर उतरता, अन् तुटू नये म्हणून दहा सेकंद ६००-७०० वॅट मारावे लागतात. प्रत्येक वळणाला.

म्हणून सराव असा: ४० सेकंद ३२० वॅटच्या आसपास, २० सेकंद हलकं, असे दहा, मध्ये पाच मिनिटं सोडून तीन संच. आठवड्यातून एकदा दोन तास चालवून झाल्यावर ताशी २० वरून ४५ किमीचा झटका, दर दीड मिनिटाने, पंचवीस वेळा. दमलेल्या पायांवरच करायचं, ताज्या पायांवर काय कोणीही करतो. पहाटे, रिकाम्या रस्त्यावर. समृद्धीकडे पाहूही नका, दुचाकीला बंदी आहे.

चढासाठी दर रविवारी चिखलदरा गाठायची गरज नाही. सेमिनरी हिल्सचा चढ छोटा म्हणून नाक मुरडू नका. फ्लँडर्समधला प्रसिद्ध चढ पाटरबर्ग स्वतः ३६० मीटरचाच आहे, फक्त सरासरी जवळपास १३ टक्के अन् खाली दगड. तिथे खरा घाट म्हणजे वारा. वारा डावीकडून आला की आडोसा पुढच्याच्या उजव्या अंगाला मिळतो, म्हणजे तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाशेजारी. चार मीटरच्या रस्त्यात असे आठ-दहा जण बसतात. त्यानंतरचा काठावर, त्याला आडोसाच नाही, अन् त्याच्यामागे सगळी रांग तुटत जाते. काठावर अडकलात की पुढच्याला चिकटून मरू नका, मागच्यांना हाताने खुणावून दुसरी तिरपी फळी लावा. चाकं एकमेकांशेजारी असतात, तो पाच इंच सरकला तरी पडणारे तुम्हीच. चार जण जमवून नागपूरबाहेरच्या मोकळ्या, कमी वर्दळीच्या रस्त्यावर हे शिकूनच जा.

एलन_की_५
सामानाचं सांगतो. पहिली गोष्ट डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा), तुमच्या फ्रेमचेच, दोन. पडझडीत तोच वाकतो आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. परक्या गावात शोधण्यात आठवडा जातो.

पॅकिंग करताना मागचा डिरेलर हँगरवरून काढून बबल रॅपमध्ये गुंडाळून चेन-स्टेला (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) बांधा. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्याबरोबर पॅडमध्ये प्लास्टिकचा स्पेसर अडकवा. तो नसताना लीव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात अन् मग रोटर (ब्रेकची चकती) आत शिरत नाही. हवा भरायची सीओटू कार्ट्रिज घरीच ठेवा, विमानतळावर काढून घेतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या हँडबॅगमध्ये.

टायर २८ मिमीचे ट्युबलेस. ६६ किलोला ६० ते ६५ पीएसआय, पावसात पाच कमी. इथल्यासारखे ९० भराल तर दगडी रस्त्यावर सायकल नुसती उडते. चेनचं ड्राय ल्यूब तिथल्या पावसात तासाभरात धुऊन जातं, वेट ल्यूब घ्या. पावसात रेझिनचे ब्रेक पॅड झपाट्याने झिजतात, दोन जोड जास्त ठेवा.

आणि तिथे कोणाची सायकल उसनी घेतलीत तर आधी ब्रेक तपासा: आपल्याकडे उजवा लीव्हर पुढचा, तिकडे डावा. ओल्या वळणात हाताला आठवतो तो जुनाच.

कागदपत्र_आधी
मे ते जुलै म्हणजे ९२ दिवस! शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवस दोन्ही धरतात. तारखा आताच कापा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण साध्या प्रवासी विम्यात बहुधा शर्यतीतला अपघात बसत नाही. ते कलम वाचून मगच पैसे भरा. परवाना सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडियाचा, सोबत परदेशात शर्यतीला परवानगीचं पत्र.

औषधांचं जास्त महत्त्वाचं. अशक्तपणा आला की सलाईन लावून घ्यायची आपली सवय इथेच सोडा. रुग्णालयातल्या उपचाराचा भाग नसेल तर १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त सलाईन हे डोपिंग नियमांत बंद आहे. ट्रामाडॉल हे वेदनाशामक २०२४ पासून स्पर्धेत निषिद्ध. दम्याचा साल्ब्युटामॉल पंप २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो, पण कुठल्याही आठ तासांत ६०० च्या वर नको. ताकदीच्या आयुर्वेदिक पुड्यांवर काय छापलंय त्यावर विसंबू नका. नमुन्यात सापडलं तर जबाबदार तुम्ही.

फुटाळा_लूप
९२ दिवस लक्षातच आलं नव्हतं. आभार! शर्यतीत खायचं काय? इथे केळी, चिक्की अन् संत्रा बर्फीवर भागते नं.

तिरपा_वारा
बर्फी बीआरएमला ठीक. केर्मेसमध्ये चावायला श्वास उरत नाही, शिवाय तुपाने पोट जड. बाटलीतच घ्या: तासाला ६० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन, दीड ग्रॅम मीठ. साखर अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोज, अन् माल्टोडेक्स्ट्रिन सगळं ग्लुकोजच. म्हणजे ६० ग्रॅम ग्लुकोज, ३० फ्रुक्टोज अन् सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम. एकदम तासाला ९० ग्रॅमवर गेलात तर पोट बिघडतं. ५० पासून सुरू करून सहा आठवड्यांत वाढवा.

अन् तिथे गेल्यावर रोज शर्यत दिसते म्हणून रोज उतरू नका. १० तासांवरून २० वर उडी मारणारे तिसऱ्या आठवड्यात बसतात. आठवड्याला दोन शर्यती, मधल्या दिवशी तासभर अगदी हलकं. नोंदणी बहुतेक गावातल्या कॅफेत होते, नंबरासाठी थोडे युरो अनामत ठेवतात. सेफ्टी पिना स्वतःच्या न्या, अन् सुटं पडलात तरी घरी निघण्याआधी नंबर परत द्या, अनामत तेव्हाच मिळते.