ड्रममधला संत्रा पिवळा पडून राहिला आहे. खत देऊ की मातीच बदलू?

गच्चीवरची संत्री (मानेवाडा, नागपूर), १८ मे

नमस्कार. गेल्या जुलैत काटोलहून संत्र्याचं एक कलम आणलं, जंभेरीवर (खाली मुळं रानलिंबाची, वर संत्रा) बांधलेलं. तिकडे आमच्या बाबांची दोन एकर बाग होती, ती आता विकली. बाग हातची जायच्या आधी मी तिथली तीन पोती काळी माती गच्चीवर आणून ठेवली होती. दोनशे लिटरचा निळा ड्रम मधून कापला, बुडाला पाच भोकं पाडली, चार बोटं गिट्टी टाकली आणि वर तीच माती एक पोतं शेणखत मिसळून भरली. बाबांची झाडं ह्याच मातीत माझ्या लहानपणापासून उभी होती, म्हणून दुसरं काही मिसळायचं मनातसुद्धा आलं नाही.

दिवाळीपर्यंत झाड छान होतं. फेब्रुवारीत नवी पालवी आली तीच पिवळी. पान पिवळं आणि शिरा हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. जुनी पानं अजून हिरवी आहेत. नव्या पानांचा आकारही लहान. मी एकोणीस-एकोणीस-एकोणीस खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखं) दोनदा दिलं, मग मोहरीच्या ढेपेचं पाणी, मग एप्सम सॉल्ट. काहीच फरक नाही, उलट टोकं जळून राहिली आहेत. पाणी बोअरचं. सध्या रोज सकाळी कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी ड्रमला घालते, तेवढंच वाया जात नाही. वरून माती भेगाळते, पण बोट खोल घातलं की थंडगार चिखल लागतो.

तिथे जी माती चालते ती इथे काहून चालत नाही? झाड जाऊ द्यायचं नाही मला.

नंदनवनकर, १८ मे

पिवळं पान म्हणजे नत्र कमी. चमचाभर युरिया पाण्यात मिसळून द्या, आठ दिवसांत हिरवं होईल.

कुंडी आणि कुदळ (धरमपेठ), १९ मे

ताई, युरिया देऊ नका. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. तुमचं उलटं आहे. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, ही लोहाची खूण. लोह जुन्या पानातून सहसा हलत नाही. पानं लहानही होत आहेत म्हणजे जस्तही अडलेलं असणार. माझ्याकडे गच्चीवर अकरा वर्षांपासून लिंबू आणि संत्रा आहे, पहिली दोन झाडं मी असाच उपाशी समजून खत घालघालून मारली. तुमचं झाड उपाशी नाही. लोह मातीत आहे, पण मुळांना ते घेता येत नाही.

आज एक करून पाहा. ड्रममधली चमचाभर कोरडी माती वाटीत घ्या, वर व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत चुनखडी आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत ती बऱ्याच ठिकाणी असते, आणि चुनखडीच्या मातीत लोह विरघळत नाही. त्यात बोअरच्या जड पाण्याची भर.

आणि कूलरचं पाणी आजच बंद करा. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ताट्यांवर जो पांढरा थर जमतो ना, तोच रोज सकाळी तुम्ही झाडाला पाजता आहात. टोकं जळण्याचं कारण मला तरी तेच दिसतं. आरओचं टाकाऊ पाणीही ह्याच कारणाने नको.

आता तुमचा खरा प्रश्न. शेतात माती खोल असते, वरचं पाणी खालची माती ओढून घेते, पावसाळ्यानंतर जमीन वाफशाला येते, म्हणजे ओल राहते पण चिखल राहत नाही. ड्रममध्ये ओढणारं खाली कोणी नाही. काळ्या मातीचे कण इतके बारीक की पाणी धरूनच बसतात. गिट्टीनेही निचरा होत नाही. बारीक मातीतलं पाणी गिट्टीत उतरायला आधी वरची माती पूर्ण भिजावी लागते, म्हणजे जो ओला थर बुडाशी राहिला असता तो चार बोटं वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. मुळांना हवा नाही, हवा नाही तर लोह घेणं नाही.

पण माती आत्ता बदलू नका. ४५ अंशांत मुळं उघडी केलीत तर झाड हातचं जाईल, आणि पुढे नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) आहे. तोवर ड्रम विटांवर उचला, भोवती गोणपाट गुंडाळा (निळं प्लास्टिक उन्हात फार तापतं), वर हिरवी जाळी बांधा. खत पूर्ण बंद. पाणी नळाचं, वरची चार बोटं सुकली की मगच. कृषी केंद्रातून चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल असं बांधून ठेवलेलं लोह) आणा, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघूनच घ्या. ईडीटीएवालं स्वस्त मिळतं, पण चुनखडीच्या मातीत ते लोह सोडून देतं. पाच ग्रॅम तीन लिटर पाण्यात, संध्याकाळी, एकदाच. पाणी लालभडक दिसेल, घाबरू नका.

दोन-तीन चांगले पाऊस झाले की मिश्रण करा. मी घमेल्याने मोजतो: चार घमेली पोयटा (भुसभुशीत गाळाची माती), दोन धुतलेलं कोकोपीट, दोन पूर्ण कुजलेलं शेणखत, एक कन्हानची जाडी रेती. कोकोपीट दोनदा तरी धुवा, त्यात मीठ असतं. दहावं घमेलं तुमच्या बाबांच्या मातीचं घाला. ढेकळं फोडून, नीट मिसळून. एवढ्याने निचरा अडत नाही, आणि अन्न धरून ठेवायला चिकणमाती थोडी हवीच असते. कॅल्शियम वेगळं देऊ नका, आपल्या पाण्यातच भरपूर आहे. गिट्टी काढून टाका, भोकांवर फक्त जाळीचा तुकडा ठेवा.

कलमाचा सांधा मातीच्या वर आहे ना? नसेल तर डिंक्या लागतो, बुंधा सडून डिंक गळतो.

धानपट्टा, १९ मे

रेती जड वाटली तर मौद्याकडच्या राइस मिलमधून धानाचं तूस आणा. मी रेतीऐवजी तेच वापरतो. गच्चीवर ओझं कमी पडतं. दोन वर्षांत कुजून बसतं, मग पुन्हा भरावं लागतं.

गच्चीवरची संत्री, २० मे

माती फसफसली. सांधा दोन बोटं मातीत गाडलेला निघाला, आजच मोकळा केला. कूलरचं पाणी आता फरशी धुवायला.

बाबा डिसेंबरात बागेचं पाणी तोडायचे, आंब्या बहारासाठी (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांसाठी) ताण म्हणून. लहानपणी मला त्या झाडांची दया यायची. आणि मी मात्र ह्याला दहा महिने एक दिवस कोरडं राहू दिलं नाही.

गच्चीवरची संत्री, १७ ऑगस्ट

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माती बदलली. जुनी माती काढताना बुडाला आंबूस वास होता, खालची मुळं काळी पडलेली, सालं बोटाने निघत होती. तेवढी कापली. वरची पांढरी मुळं शाबूत होती. मोरचूद आणि चुना शंभर-शंभर ग्रॅम, एक लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या बादलीत कालवून बुंध्याला बोर्डो मलम (बुरशीवरचं औषध) लावलं. दहावं घमेलं बाबांच्या मातीचंच घातलं, उरलेली पोती झाकून ठेवली आहेत.

आता आलेली पालवी हिरवी आहे. जुनी पिवळी पानं तशीच आहेत, काही गळली. दर महिन्याला मूठभर निंबोळी पेंड आणि दोन मुठी गांडूळखत, बाकी काही नाही.

एक विचारायचं होतं. सांध्याच्या खालून एक फुटवा जोरात वर आला आहे, बाकी फांद्यांपेक्षा काटे मोठे, पान चुरगाळलं तर वास लिंबाकडे जातो. इतका जोमदार आहे की हात लावावासा वाटत नाही. ठेवू का?

कुंडी आणि कुदळ, १७ ऑगस्ट

तो जंभेरीचा आहे, ताई. बुडापासून काढा, आजच. ठेवलात तर वरचा संत्रा दाबून टाकेल.