मदत हवी आहे : ज्वारीचं डॉफ प्रोटीन डीएनएला चिकटतच नाही

नमस्कार मंडळी,

माझं पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. ज्वारीच्या दाण्यात काफिरिन नावाचं प्रोटीन साठतं. ज्वारी शिजवली की ते पचायला आणखी जड होतं, म्हणून त्याचा जीन कोण चालू करतं हे मी शोधतेय. मक्यात पीबीएफ नावाचा फॅक्टर (जीन चालू करणारं प्रोटीन) झीनच्या, म्हणजे मक्याच्या दाण्यात साठणाऱ्या प्रोटीनच्या, जीनपुढे डीएनएवर 'टीजीटीएएएजी' या अक्षरांवर बसतो. तो डॉफ कुळातला. हे कुळ फक्त वनस्पतींचं: अरॅबिडॉप्सिसमध्ये ३६ जीन, भातात ३०. सुमारे ५० अमिनो आम्लांचा एकच झिंक फिंगर (झिंकभोवती घडी पडलेला प्रोटीनचा भाग), त्यात चार सिस्टीन (एक अमिनो आम्ल) मिळून एक झिंक धरतात आणि तो 'एएएजी' ओळखतो.

दाणे चिकात असताना मालदांडीतून आरएनए काढला, डॉफ डोमेन (डीएनए धरणारा तो फिंगरचा भाग) क्लोन केलं, ई. कोलाय जिवाणूत हिस-टॅग (निकेलला चिकटणारी शेपटी) लावून बनवलं. पहिल्या वेळी निळा निकेल कॉलम डोळ्यांदेखत पांढरा पडला आणि प्रोटीन सगळं वाहून गेलं. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) ईडीटीए हे धातू धरून ठेवणारं रसायन होतं. ते काढून नवीन रेझिनवर पुन्हा केलं, तर एकच स्वच्छ बँड मिळाला. मग लॅबच्या नेहमीच्या ट्रिस बफरमध्ये (१ मिलिमोलर ईडीटीए, आणि सिस्टीन एकमेकांना जोडले जाऊ नयेत म्हणून डीटीटी) ४ अंशांवर रात्रभर डायलिसिस, म्हणजे पडद्यातून बफर बदलणं.

जेल शिफ्टमध्ये (प्रोटीन चिकटलं की डीएनए जेलमध्ये मागे, वर राहतो) मात्र प्रोब, म्हणजे खूण केलेला डीएनएचा तुकडा, तसाच्या तसा तळाशी. प्रोटीन चौपट केलं, प्रोब नवा मागवला, पॉली डीआय-डीसी (कुठेही चिकटणारी प्रोटीनं गुंतवून ठेवणारा कृत्रिम डीएनए) कमी केलं, तरी वर काही सरकत नाही. महिन्याभरात प्रगती सेमिनार आहे आणि आमच्या विभागात यावर काम केलेलं कुणी नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद

तुमच्या कॉलमनेच उत्तर दिलंय. ज्या ईडीटीएने रेझिनमधलं निकेल ओढून नेलं, त्यानेच डायलिसिसमध्ये फिंगरमधलं झिंक काढलं. एसडीएस जेलवर हे दिसणार नाही, कारण तिथे प्रोटीन उलगडलेलंच असतं. झिंक गेलं की फिंगरची घडी मोडते, सिस्टीन एकमेकांना जोडले जातात. अशा प्रोटीनमध्ये नंतर झिंक घालून ते सुधारेल या भरवशावर दिवस घालवू नका, नवीन बनवा.

इंडक्शनच्या वेळी (जिवाणूंना प्रोटीन बनवायला लावताना) कल्चरमध्ये ५० ते १०० मायक्रोमोलर झिंक क्लोराइड घाला. डायलिसिस बफरमध्ये १० पुरे. फॉस्फेट बफर नको, झिंक खाली बसतं. डीटीटी ताजं आणि १ मिलिमोलरच्या आत ठेवा, तेही झिंक धरतं. आणि एक जागा हमखास सुटते: जेल टीबीई बफरमध्ये चालवत असाल तर तिथेही ईडीटीए आहे. ट्रिस-ग्लायसीन वापरा. एक प्रोब 'एएएजी' बदलून 'एसीएजी' केलेला घ्या, नाहीतर बँड सरकला तरी प्रोटीन नेमकं याच अक्षरांवर बसलं कशावरून, असं परीक्षक विचारतील.

मूळ धागाकर्ती

खूप आभार! जेल टीबीईमध्येच चालवत होते. आज कल्चर लावते. जुन्या प्रोटीनच्या दोन व्हायल फ्रीजरमध्ये आहेत, त्या 'झिंक नसलेलं' म्हणून शेजारच्या लेनमध्ये चालतील का?

प्रतिसाद

चालतील, पण तेवढ्यावर भागवू नका. नव्या प्रोटीनचे दोन भाग करा आणि एकात ईडीटीए घाला. दोन्ही एकाच जेलवर, एकाच दिवशी, म्हणजे फरक फक्त ईडीटीएचा उरेल.