अनुभव धागा: मणिभवन तुम्ही कोणाबरोबर पाहिलंत?

गावदेवीची लेक: काल ग्रँट रोडच्या भाजी गल्लीतून गवार घेऊन निघाले आणि पाय आपसूक लॅबर्नम रोडकडे वळले. चौथीत असताना आजोबांनी मणिभवन दाखवलं होतं. गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की इथेच उतरायचे. घर मात्र रेवाशंकर झवेरींचं. दुसऱ्या मजल्यावरची ती खोली, पांढरी गादी, तक्क्या, चरखे. बाकी लोक आरामात बघत होते. आजोबांनी मात्र काचेपाशी येताच चपला काढून काखेत धरल्या. कोणी सांगितलं नव्हतं. मला लाज वाटली होती, मी दोन पावलं लांब उभी राहिले. काल तिथेच उभी होते, हातात गवारीची पिशवी. तुमचं सांगा.

खारी बिस्कीट: चपला काखेत 🙂 माझे आजोबा बँकेत गेले तरी काढायचे.

मधला डबा: शाळेची सहल. सगळे वर गेले, मी तळमजल्याच्या ग्रंथालयात बाकावर झोपलो. बस सुटली. बाईंना गिरगाव चौपाटीला डोकी मोजताना कळलं. ग्रंथालयातल्या काकांनी तोवर मला पाणी पाजलं आणि अर्धं सफरचंद दिलं. त्यामुळे वरचे बाहुल्यांचे देखावे मी थेट लग्नानंतर पाहिले. छोटे छोटे आहेत, पण दांडीयात्रेपाशी मुलगी हलेचना.

सुईदोरा: पिंजाऱ्याची गोष्ट माहितीय का? या घरावरून रोज एक पिंजारी जायचा, त्याच्याकडून गांधीजी कापूस पिंजायला शिकले. आमच्या चाळीत दिवाळीआधी पिंजारी यायचा, धनुकलीचा टुंग टुंग आवाज, आणि नाकातोंडात कापूस. आई ओरडायची, खिडक्या लावा! आता गाद्या ऑनलाइन येतात, गुंडाळी करून. पाठ दुखते ती वेगळीच.

खारी बिस्कीट: @सुईदोरा कोणती घेतलीत? आमची सहा महिन्यांत बसली.

नायगाव नाका: गादीवरून परत घरात या मंडळी. १४ ऑगस्ट १९३१ ला बाबासाहेब आणि गांधीजी पहिल्यांदा भेटले ते इथेच. भेट काही गोड झाली नाही. माझ्या आईने मला मणिभवन दाखवलं ते तेवढ्यासाठी. मग टॅक्सी केली (आईने! टॅक्सी!) आणि थेट हिंदू कॉलनीत बाबासाहेबांचं घर, राजगृह. म्हणाली, दोन्ही घरं एकाच दिवशी बघायची. राजगृहात ती काही बोलली नाही, पुस्तकांच्या कपाटाला फक्त हात लावून आली.

गावदेवीची लेक: @नायगाव नाका, हे वाचून गवार निवडायची थांबले.

मधला डबा: गच्ची कोणी पाहिली? ४ जानेवारी १९३२ ला पहाटे पोलिसांनी गांधीजींना तिथूनच नेलं. तंबूत झोपले होते म्हणे. मुंबईची जानेवारी, मस्त हवा असणार.

पार्किंगवाला: रविवारी गाडी लागते का तिथे?

खारी बिस्कीट: गाडी विसरा, ग्रँट रोडला पश्चिमेला उतरा आणि चाला.

सुईदोरा: लॅबर्नम म्हणजे आपला बहावाच ना? कोणी एप्रिलमध्ये गेलात तर फुललाय का बघा.

गावदेवीची लेक: बघते. कुकरच्या तीन झाल्या, पळते.