घरी बांधायच्या विमानांचे आराखडे आणि सुटे भाग: एजन्सी घ्यावी का?

भोसरीकर
माझं भोसरीत शीट मेटलचं वर्कशॉप आहे. २०१६ साली बीकेसीत 'मेक इन इंडिया'त अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान पाहिलं, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. आता एक परदेशी कंपनी त्यांच्या दोन आसनी, धातूच्या विमानाची भारतातली एजन्सी द्यायला तयार आहे. आराखड्यांचे पन्नास संच आधी उचला म्हणतात. बोल्ट, रिव्हेट, पत्रा मी इथलाच पुरवीन. एमआयडीसीत काय मिळत नाही? जाणकारांनी सांगावं.

लाँगईझी_इलिनॉय
पन्नास संच उचलू नका. आराखड्याचा संच घेणं म्हणजे एकच विमान बांधायचा परवाना घेणं. त्यावर क्रमांक असतो आणि तो ज्याच्या नावावर, त्यालाच पुढच्या दुरुस्त्या कळवल्या जातात. अमेरिकन विमानरचनाकार बर्ट रुटान त्यांच्या लाँग-ईझी या घरी बांधायच्या विमानाचे आराखडे कॅलिफोर्नियातल्या मोजावीहून स्वतः विकायचे, दुरुस्त्या आपल्या वार्तापत्रातून पाठवायचे. त्याला लागणारा फोम, काचकापड, इपॉक्सी (चिकट राळ) मात्र एअरक्राफ्ट स्प्रूससारख्या ठरलेल्या दुकानांतून. १९८५ साली त्यांनी आराखडे विकणं थांबवलं, ते दुकान आजही माल देतंय. तुमचा धंदा मालाचा आहे, कागदाचा नाही.

आता बोल्ट. मी इथे विमानाच्या सुट्या भागांच्या गोदामात आलेला माल तपासतो. विमानाच्या बोल्टचा एक प्रमाणित क्रमांक, एएन३-५ए घ्या: ३ म्हणजे तीन सोळांश इंच जाडी, शेवटचा ए म्हणजे दांड्याला कॉटर पिनचं (नट सैल होऊ नये म्हणून घालायच्या पिनेचं) भोक नाही. डोक्यावर फुलीसारखी खूण आणि बनवणाऱ्याची अक्षरं. पत्र्यांमधून जाणारा भाग गुळगुळीतच हवा, तिथे आटे आले तर जोड कमजोर. म्हणून एकाच जाडीच्या बोल्टच्या कितीतरी लांब्या ठेवाव्या लागतात. खोका उघडला की मी आधी कागद बघतो, बॅच नंबर आणि सर्टिफिकेट ऑफ कन्फर्मिटी (माल ठरलेल्या मानकाप्रमाणे असल्याचा बनवणाऱ्याचा दाखला), मग मायक्रोमीटर हातात घेतो. पत्रा ६०६१-टी६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असेल तर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट. कागद नसेल तर माल बाजूला, मग तो कितीही चकचकीत असो. एमआयडीसीत उत्तम बोल्ट मिळतात, पण विमानाला लागतो तो माग, म्हणजे माल कुठून आला याची नोंद, त्यांच्यामागे नसते. बॅच फोडून दहा जणांना दिलीत, तरी कुणाकडे काय गेलं हे वहीत सापडलंच पाहिजे. बॅच सदोष निघाली तर त्याच रात्री फोन करायचेत. त्या विमानात कुणीतरी आपल्या मुलीला बसवणार असतं.

आणि किटसाठी (विमानाच्या सुट्या भागांच्या तयार संचासाठी) गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम वापरू नका. व्हॅन्स एअरक्राफ्टसारख्या नावाजलेल्या अमेरिकन किट कंपनीवर डिसेंबर २०२३ मध्ये चॅप्टर ११ची (दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागायची) वेळ आली, आणि आधी पैसे भरलेल्या लोकांना वाढीव किंमत मान्य करावी लागली.

न्हावाशेवा
मी कस्टम हाउस एजंटकडे काम करते. 'विमानाचे भाग' म्हणून सगळं कस्टम्सच्या ८८०७ या शीर्षकाखाली जात नाही. पोलादी बोल्ट-नट विमानाचे असले तरी ७३१८, ॲल्युमिनियमचा पत्रा ७६०६, इंजिन ८४०७, उपकरणं ९०व्या प्रकरणात. इन्व्हॉइसवर नुसतं 'एअरक्राफ्ट पार्ट्स' आलं की खोका अडकलाच. पुरवठादाराकडून ओळवार वर्णन मागा. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) काढलंय ना?

भोसरीकर
आयईसी आहे. आराखडे कंपनीनेच थेट विकावेत, मी माल बघतो, असं आजच कळवतो. एक शंका: पंखाच्या रिब (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या आडव्या पट्ट्या) माझ्या प्रेसवर वाकवून दिल्या तर?

लाँगईझी_इलिनॉय
द्या, पण कंपनीची लेखी संमती घेऊन आणि त्यांच्याच फॉर्म ब्लॉकवर (पत्रा ज्यावर वाकवतात त्या साच्यावर). रिव्हेट मारून तयार पंख मात्र देऊ नका. अमेरिकेत 'हौशी बांधणी'त नोंद व्हायला निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतःच्या हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी केलेलं असावं लागतं. तुमच्या गिऱ्हाइकाने पहिला पत्रा कापण्याआधी डीजीसीएला (भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाला) लेखी विचारावं, आणि त्या उत्तराची प्रत तुमच्या फाइलला लावा.