तैनाती फौज ही 'मदत' नव्हती
तैनाती फौज, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने एखाद्या राजाच्या राज्यात त्याच्याच खर्चाने ठेवलेली फौज, ही 'लष्करी मदत' होती असं कोणीतरी लिहिलंय. कसली मदत! ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात पेशवा दुसऱ्या बाजीरावाने कंपनीचं किमान ६,००० पायदळ ठेवून घेतलं आणि खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. परराज्यांशी बोलणीही इंग्रजांना विचारूनच. म्हणजे पहारेकरी त्यांचा, पगार आपला, वर किल्लीही त्याच्याच कमरेला. गादी मात्र जागेवर, म्हणून याला वसाहत म्हणता येत नाही. 'संरक्षित राज्य' जवळचा शब्द.

इंग्रजांची रेसिडेन्सी (पेशव्यांच्या दरबारातल्या त्यांच्या वकिलाचं ठाणं) पुण्यात मुळा-मुठेच्या संगमावर होती (तिथल्या पुलावर आपण रोज हॉर्न वाजवत उभे असतो). ५ नोव्हेंबर १८१७ ला, पेशवे-इंग्रजांच्या खडकीच्या लढाईच्या दिवशी, ती जाळली गेली. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर युनियन जॅक.